पोरांना न्यायचं तर भरतीची वेळ बघून न्या

वर विचारलंय की किनाऱ्यावरच्या पक्षी महोत्सवाला लहान मुलांना न्यावं का, कंटाळतील का. न्या हो, नक्की न्या! फक्त पहाटेचा अट्टाहास नको, कारण इथलं घड्याळ भरती-ओहोटीचं असतं आणि भरती रोज साधारण ५० मिनिटं उशिरा येते. पूर्ण ओहोटीला पक्षी लांब चिखलात ठिपक्यांएवढे दिसतात नि मुलं वैतागतात, त्यापेक्षा भरती चढताना जा, पाणीच पक्ष्यांना जवळ ढकलत आणतं.

दुर्बीण ८x४२ (८ पट मोठं दाखवणारी, ४२ मिमी भिंगाची) बास, १० पटीची मुलांच्या हातात फार हलते. आणि आधी नावं पाठ करायला लावू नका प्लीज, चोची बघायला सांगा. चिखल्या हा आखूड चोचीचा छोटा पक्षी पळतो, थांबतो, टिपतो, पुन्हा पळतो. कोरल या मोठ्या पक्ष्याची लांब वाकडी चोच खोल चिखलातले किडे काढते. माझ्या लेकीला हे एकदा कळलं आणि मग ती तिथून हलेचना.

स्कोपवाल्या (तिकाटण्यावरची मोठी दुर्बीण) काकांकडे गॉडविट, म्हणजे लांब चोचीचा स्थलांतरी किनारपक्षी, बघायला मिळाला तर मुलांना हे जरूर सांगा, २०२२ मध्ये जेमतेम पाच महिन्यांचं बार-टेल्ड गॉडविटचं (गॉडविटचीच एक जात) एक पिल्लू अलास्काहून टास्मानियाला ११ दिवसांत, कुठेही न उतरता, १३,५६० किमी उडालं!!

एकच कळकळीची विनंती, भरतीला विसावलेल्या थव्यामागे फोटोसाठी कुणालाच धावू देऊ नका, मोठ्यांनाही. प्रत्येक उगाच उडण्यात त्यांची साठवलेली चरबी जळते, आणि पुढचा स्थलांतराचा प्रवास त्या चरबीवरच असतो.