डीबगरमधल्या 'कॅरॅक्टर'ला मराठीत काय म्हणावं?

अंधेरीकर:
सीप्झमधल्या आमच्या टीमसाठी डीबगर (प्रोग्राम थांबवून आतल्या किमती बघण्याचं साधन) कसा वापरायचा याची मराठी टिपणं लिहितोय. कॅरॅक्टर टाइपला, म्हणजे लिपीतली खूण साठवणाऱ्या प्रकाराला, 'अक्षर' म्हटलं तर चालेल का? की 'वर्ण'? दुसरं म्हणजे, सी प्रोग्रामच्या स्ट्रिंगमध्ये 'म' असताना जीडीबी हा डीबगर पहिल्या घराची किंमत -32 दाखवतो. नवी मुलं हेच आधी विचारणार.

दादरवासी:
'अक्षर' अजिबात नको. 'मुंबई' बोटांवर मोजा: मुं, ब, ई. तीन अक्षरं. युनिकोडच्या हिशेबात म, उकार, अनुस्वार, ब, ई असे पाच संकेतबिंदू, म्हणजे प्रत्येक खुणेला दिलेले क्रमांक. हे क्रमांक बाइटांत साठवण्याच्या यूटीएफ-8 पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक संकेतबिंदूला तीन बाइट, म्हणजे 15. सीचा 'चार' (char, कॅरॅक्टर टाइपचं नाव) म्हणजे एक बाइट, जावाचा 16 बिटांचा, रस्टचा 32 बिटांचा. यातल्या एकालाही अक्षर म्हणता येत नाही. अनुष्टुभाच्या चरणातली 8 अक्षरं मोजताना आपण जोडाक्षर एकच धरतो, ते या 'चार'ला कुठे ठाऊक!

-32 चं म्हणाल तर 'म'चा पहिला बाइट 224. सीमध्ये साधा 'चार' ऋण आकडे धरतो की नाही हे भाषेने ठरवून दिलेलं नाही. इंटेलवर बहुधा धरतो, म्हणून 224 वजा 256. शेजारी '\340' दिसतं तो तोच 224, अष्टमान पद्धतीत. डीबगर खोटं बोलत नाही, पण एका बाइटच्या पुढे बघतही नाही.

सी++ मध्ये 2011 पासून 'चार32_टी' (char32_t) हा 32 बिटी कॅरॅक्टर टाइप आहे. कंपायलर डीबगरसाठी ठेवलेल्या माहितीत हा प्रकार युनिकोडचा आहे अशी नोंद करतो, त्यामुळे डीबगरला तो साध्या 32 बिटी आकड्यापासून वेगळा ओळखता येतो. मग दाखवावं कसं? माझ्या मते 2350 'म' असं, आकडा आणि रूप दोन्ही. सुटा उकार मात्र अवतरणचिन्हालाच जाऊन चिकटतो. तिथे ठिपक्यांचं वर्तुळ आधाराला द्यायला हवं.

मुलुंडकर:
'वर्ण'ही बाद. व्याकरणात क म्हणजे क् अधिक अ, दोन वर्ण. आणि 'चिन्ह' कुणी सुचवू नका, नाहीतर साइन्ड कॅरॅक्टरचं (ऋण आकडे धरणाऱ्या 'चार'चं) 'चिन्हयुक्त चिन्ह' होईल.

अंधेरीकर:
म्हणजे 'कॅरॅक्टर'च ठेवायचं. मग 'अक्षर' हा शब्द वापरायचाच नाही का?

दादरवासी:
वापरा की, ग्राफीम क्लस्टरसाठी, म्हणजे वाचणाऱ्याला एकच वाटणाऱ्या संकेतबिंदूंच्या गटासाठी. त्यातही मेख आहे. 'क्ष'सारखी जोडाक्षरं एकत्र धरण्याचा नियम युनिकोडने 15.1 आवृत्तीत, 2023 मध्ये घातला. त्याआधीच्या नियमांवर चालणारी लायब्ररी (तयार कोडचा संच) 'क्ष'चे दोन तुकडे मोजते. टिपणांत आवृत्ती लिहून ठेवा.