मांजराच्या शिंका, कुत्र्याचा खोकला: डॉक्टरकडे कधी न्यायचं?

प्रश्न | मनी_आणि_मोत्या
मांजर दोन दिवस शिंकतंय, एका डोळ्यातून पाणी येतंय. कुत्र्याला कोरडा खोकला आहे, खोकून झालं की ओकारी काढल्यासारखं करतो, पण पडतो नुसता फेस. दोघंही खातायत. एकाचं दुसऱ्याला लागलं असेल का? आजच दाखवू की थांबू?

पंजा
बहुतेक दोन वेगळे आजार आहेत. मांजरांच्या सर्दीमागे बऱ्याचदा हर्पिस किंवा कॅलिसी विषाणू असतात, ते कुत्र्याला लागत नाहीत. बोर्डेटेला जिवाणू मात्र दोघांत फिरू शकतो, म्हणून भांडी आणि अंथरूण वेगळं ठेवा.

शिंकांपेक्षा श्वास बघा. गाढ झोपेत छाती वर जाऊन खाली आली की एक, असं 30 सेकंद मोजून दुप्पट करा. मांजर गुरगुरत असताना मोजू नका, आकडा फसवा येतो. साधारण 15 ते 30 ठीक. झोपेतही 40 च्या वर जात असेल तर त्याच दिवशी दाखवा. पोट भात्यासारखं हलतंय, मान ताणून कोपरं बाहेर काढून बसलंय, हिरड्या निळसर किंवा पांढऱ्या पडल्यायत, किंवा मांजर तोंड उघडं टाकून श्वास घेतंय, तर तडक निघा.

बोकोबा
मांजराबद्दल थोडं. नाकातलं पाणी पिवळं-हिरवं झालं, लाळ गळायला लागली (जिभेवर व्रण असू शकतात, हे कॅलिसीत दिसतं) किंवा डोळा मिटलेलाच राहिला तर उद्यावर ढकलू नका. हर्पिसमध्ये बुबुळावर जखम होऊ शकते. घरात पडून असलेले डोळ्यांचे थेंब घालू नका. त्यात स्टेरॉइड असेल तर ती जखम चिघळते.

नाक चोंदलं की वास येत नाही, आणि वास नाही तर मांजर खात नाही. ओलं खाणं कोमट करून द्या. दिवसभर तोंड लावलं नाही तर डॉक्टर गाठा, उपाशी मांजराच्या यकृतात चरबी साठते. लठ्ठ मांजर असेल तर जास्तच लवकर.

पंजा
मोत्याचं वर्णन केनेल कफचं (कुत्र्यांचा संसर्गजन्य खोकला) वाटतं. पट्ट्याऐवजी हार्नेस लावा, पट्टा श्वासनळीवर दाबला की उबळ येते. इतर कुत्र्यांपासून दोनेक आठवडे लांब ठेवा. लस झालेली असली तरी होऊ शकतो, फक्त सहसा सौम्य जातो. खोकला ओला झाला, मरगळ आली की छातीत उतरल्याची शंका घ्या. नाका-डोळ्यांतून पू, जुलाब, जबड्याचे झटके आणि लसीकरण अर्धवट, हे जुळलं तर डिस्टेंपर (कुत्र्यांचा गंभीर विषाणूजन्य आजार) तपासायलाच हवा.

मनी_आणि_मोत्या
मनीचे 26, मोत्याचे 22 आले. मनीचं नाक गरम लागतंय, ताप असेल?

बोकोबा
नाकावरून कळत नाही. डिजिटल थर्मामीटरला व्हॅसलिन लावून गुदद्वारात साधारण दोन सेंटीमीटर. 38 ते 39.2 सेल्सियस नॉर्मल, 39.5 च्या वर असेल तर फोन करा. मांजर फार झटापट करत असेल तर सोडून द्या, चिडलेल्या मांजराचं तापमान तसंही चढतं.

आणि ताप निघाला म्हणून पॅरासिटामॉल नको. अर्धी गोळीसुद्धा मांजराचा जीव घेऊ शकते. मोत्याला आयबुप्रोफेनही नाही.