वृत्तं शिकवताना: नियम पाठ असतात, तरी गण का चुकतात?

मृण्मयी
एफ.वाय.बी.ए.च्या मराठीच्या वर्गाला पद्यविचार शिकवायचा आहे. पाऊण तासाचे सहा तास हाताशी आहेत. लघु-गुरूचे (हलक्या-जड अक्षरांचे) नियम मुलांना पाठ आहेत, पण ओळीवर खुणा करायला लागली की गण, म्हणजे लघु-गुरूच्या क्रमाने ओळखायचे तीन-तीन अक्षरांचे गट, जुळत नाहीत. केशवसुतांच्या ‘आम्ही कोण?’च्या पहिल्या ओळीतच निम्मा वर्ग अडकतो. अभंग दिला तर त्यालाही गण लावत बसतात. नेमकं कुठे चुकतं, आणि सुरुवात कुठून करावी?

लगक्रम
चूक मुलांची नाही, नियम त्यांना अर्धाच सांगितला जातो. ‘जोडाक्षराआधीचं अक्षर गुरू’ हे संस्कृतात बिनदिक्कत चालतं. मराठीत त्या जोडाक्षराचा आघात मागच्या अक्षरावर येत असेल तरच ते गुरू. म्ह, न्ह, ल्ह, ऱ्ह यांचा आघात सहसा येत नाही. ‘तुझ्या’मधला तु-ही लघुच राहतो. आता तुमचीच ओळ घ्या:

आम्ही कोण म्हणूनि काय पुससी? आम्ही असू लाडके

वृत्त शार्दूलविक्रीडित. 19 अक्षरं, गण म स ज स त त आणि शेवटी एक गुरू, 12व्या अक्षरानंतर यती, म्हणजे थांबा. पाडून बघा: आम्हीको / णम्हणू / निकाय / पुससी / आम्हीअ / सूलाड / के. दुसरा गण ‘स’ हवा, म्हणजे ल ल गा (ल लघु, गा गुरू). पुस्तकी नियमाने पुढे म्ह आल्यामुळे ‘ण’ गुरू धरला की गा ल गा होतं, म्हणजे ‘र’ गण, आणि सगळं फिसकटतं. ओळ मोठ्याने म्हणा, ‘ण’वर जोर येतच नाही.

फळ्यावर ‘पुण्याचा’ हा एकच शब्द लिहा. पुणे शहराचा म्हणताना पु हलका, लघु. पाप-पुण्यातल्या पुण्याचा म्हणताना ण्या मागे आदळतो, पु गुरू. लेखन तेच, वजन वेगळं. हे कानाला पटलं की निम्म्या चुका तिथेच संपतात.

शारदा_वि
लगक्रमांशी सहमत, आणि म्हणूनच पहिल्या तासाला खुणा नकोतच. मनाच्या श्लोकांपासून सुरू करा. भुजंगप्रयातात ‘य’ गण चार वेळा येतो (ल गा गा), 12 अक्षरं, चाल बहुतेकांच्या कानात असते. नुसतं म्हणायचं आणि गुरूवर बाकावर टिचकी मारायची. दुसऱ्या तासाला प्रत्येक अक्षराखाली खूण करायची, मगच तीन-तीनचे गट, आणि ‘यमाताराजभानसलगा’ हे गण लक्षात ठेवायचं सूत्र सगळ्यात शेवटी. सूत्र आधी दिलं की मुलं ऐकायचं सोडून जुळवायला लागतात.

गट पाडताना आणखी एक घोळ होतो. मुलं शब्दाशी थांबतात. गण शब्दाची पर्वा करत नाही:

मनास / ज्जनाभ / क्तिपंथे / चिजावे

‘सज्जना’ मधूनच तुटला, तसाच तुटू द्यायचा. आणि ही ओळ मोबाइलवरून उतरवून घेऊ नका. तिथे पुष्कळदा ‘भक्तीपंथेची’ सापडतं. ‘क्ति’ आणि ‘चि’ ऱ्हस्वच हवेत. दीर्घ झाले की तिसरा आणि चौथा दोन्ही गण मोडतात. आजच्या शुद्धलेखनात शब्दाच्या शेवटचे इकार-उकार दीर्घ लिहितात, म्हणून जुनी ‘कवि’, ‘मति’ नव्या छपाईत ‘कवी’, ‘मती’ होतात. गण जुळत नसेल तर आधी पाठ तपासा, कवीला दोष नंतर.

ओवीकार
अभंगाचं म्हणाल तर माधवराव पटवर्धनांच्या ‘छंदोरचने’तले तीन कप्पे वर्गात आधी सांगा. वृत्तात लघु-गुरूचा क्रम ठरलेला. जातीत मात्रा मोजायच्या (लघु एक, गुरू दोन). छंदात फक्त अक्षरं. अभंग तिसऱ्या कप्प्यातला, तिथे गण लावायचेच नाहीत. तुकोबांचा मोठा अभंग बघा:

सुंदर ते ध्यान (6) उभे विटेवरी (6)
कर कटावरी (6) ठेवोनियां (4)

यमक दुसऱ्या-तिसऱ्या चरणाचं: विटेवरी, कटावरी. चौथा चरण तोकडा, तिथे टाळ-मृदंगाला जागा मिळते. म्हणताना ‘कर’ची दोन्ही अक्षरं लांबतात, म्हणून लघु-गुरूचा भेद उरत नाही. ‘ध्या’ हे एकच अक्षर धरायचं. काही मुलं ध् आणि या वेगळे मोजून सात काढतात. ज्ञानेश्वरीची ओवी मात्र अक्षरसंख्येत बांधू नका. तिचे पहिले तीन चरण यमकाने बांधलेले असतात, चौथा आखूड आणि मोकळा, अक्षरं कमी-जास्त होतात.

मृण्मयी
खूप आभार. दोन शंका. चरणाच्या शेवटी लघु आला तर? आणि वृत्त ओळखून झाल्यावर पुढे काय? मुलं नाव लिहून वही मिटतात.

लगक्रम
चरणान्तीचा लघु गरजेप्रमाणे गुरू मानतात, तिथे अडू नका.

दुसरी शंका मोलाची आहे. नाव लिहून झालं की यती कुठे पडते ते दाखवायला सांगा. केशवसुतांच्या ओळीत ती ‘पुससी’नंतर पडते. प्रश्न 12 अक्षरांत संपतो, श्वास घेतला जातो आणि उत्तर ‘आम्ही’पासून उसळून येतं. पण ‘लाडके’वर ओळ संपली तरी वाक्य संपत नाही. कुणाचे लाडके? त्यासाठी पुढच्या ओळीत उतरावं लागतं: ‘देवाचे’. तीन सलग गुरू, ‘म’ गण, आवाज आपोआप जड होतो. ओळ एकदा ‘लाडके’वर थांबून आणि एकदा सलग म्हणवून घ्या, आणि कोणती का बरी वाटली ते चार वाक्यांत लिहायला द्या. एका तासाला या दोनच ओळी पुरतात.