हॉलंडसारखा फुकट बँड-शो सोलापुरात जमेल का?

स्क्रीनवाला

नवी पेठेच्या मागं माझं स्क्रीन प्रिंटिंगचं छोटं दुकान आहे. कापडी पिशव्या, लग्नपत्रिका, टॉवेलच्या खोक्यांवरची नावं. रात्री शटर अर्धं ओढून आम्ही चौघं तिथंच वाजवतो. मी ड्रमवर. स्वतःची नऊ गाणी झालीत, त्यातली दोन तेलुगूत, कारण गाणारा पद्मशाली, म्हणजे तेलुगू बोलणाऱ्या विणकर समाजातला आहे आणि त्याला राग तेलुगूतच येतो.

मावसबहीण हॉलंडात युट्रेक्टला शिकते. तिथं नोव्हेंबरात ‘ल गेस हू’ नावाचा मोठा महोत्सव असतो, त्याला तिकीट. पण त्याच्याच कडेला ‘ल मिनी हू’ म्हणून एक भरतो, तो पूर्ण फुकट. छोट्या जागांत, दुकानांत, बहुतेक कुणी न ऐकलेले डच बँड. तिनं पाठवलेल्या व्हिडिओत रेकॉर्डच्या दुकानातले रॅक भिंतीला सरकवलेत, गिटारवाला गल्ल्याला टेकून वाजवतोय आणि एक बाई सायकल हातात धरून दारातूनच ऐकतेय. गाणं संपल्यावर ती निघून गेली. कुणी अडवलं नाही, कुणी पास विचारला नाही. मी तो व्हिडिओ पाच-सहा वेळा तरी पाहिला असेल.

तसं इथं करायचंय. गावात आमच्यासारखे अजून तीन बँड तरी मला माहीत आहेत. प्रश्न असा की फुकट म्हणजे नक्की कुणाला फुकट? मागच्या वर्षी एका कॉलेजच्या गॅदरिंगला ‘तुमचं नाव होईल’ म्हणून बोलावलं. शाल मिळाली, चौघांत एक नारळ मिळाला आणि साउंडवाल्याचं निम्मं बिल आमच्याच खिशातून गेलं. तेच पुन्हा मीच दुसऱ्यांशी करायचं नाही.

दुसरं, जागा. हुतात्मा स्मृती मंदिर नाट्यगृह आमच्या आवाक्यातलं नाही आणि तिथं खुर्च्या असतात. आणि गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेच्या दिवसांत ठेवलं तर गर्दी आयती मिळेल का?

टिलबर्गची भाडेकरू

दादा, मी मूळची जुळे सोलापूरची, आता हॉलंडातच टिलबर्गला असते. हे गाव एके काळी लोकरीच्या गिरण्यांचं होतं, त्यामुळं आल्या आल्या घरच्यासारखं वाटलं.

फुकट शोचा इथला सगळ्यात मोठा नमुना म्हणजे ‘पॉपरोंडे’. १९९४ साली नाइमेखनमध्ये सुरू झाला, आता सप्टेंबर ते नोव्हेंबर चाळीसेक शहरांत फिरतो. कॅफे, दुकानं, जिथं जागा मिळेल तिथं नवे बँड. ऐकणाऱ्याला काहीच पडत नाही. कॅफेवाल्याला धंदा होतो, म्हणून तोही खर्चाला हात लावतो. शिवाय प्रत्येक शहरात तिथलीच माणसं जुळवाजुळव करतात, बाहेरून येऊन कुणी करत नाही.

आणि तुमच्या कामाची गोष्ट: ग्रोनिंगेनला ‘वेरा’ म्हणून क्लब आहे, बराचसा स्वयंसेवकांवर चालतो. १९८९ मध्ये निर्वाणा हे अमेरिकन रॉक बँडवाले तिथं वाजवून गेले, फार मोठे व्हायच्या आधी. तिथले पोस्टर अजून हातानं स्क्रीन प्रिंट करतात, त्याच इमारतीत. तुमच्याकडं तर फ्रेम, शाई, रबर सगळं आहे. पोस्टर विका! प्रवेश फुकट, पोस्टर शंभरला, पैसे थेट बँडला.

जागेचं म्हणाल तर आइंडहोव्हनचा ‘एफेनार’ १९७१ मध्ये लिननच्या कापडाच्या जुन्या कारखान्यात सुरू झाला. पुढं ती इमारत पाडून नवी बांधली. नवी चकचकीत आहे.

बाळीवेस

भावा, स्वप्नं लै भारी बघलालास. पण गड्ड्यात नको बे. त्या दिवसांत होम मैदानावरच्या पाळण्यांचे कर्णे, मौत का कुआँच्या मोटारसायकली, पिपाण्या. तुझा ड्रम कुणाला ऐकू येणार? आणि नंदीध्वजांच्या मिरवणुकीच्या दिवशी माणूस काठ्या बघायला येतो, दुसरं काही नाही. आमच्या घरात तर त्या दिवशी टीव्हीसुद्धा लावत नाहीत.

पूर्व भागात एखादी यंत्रमागाची शेड बघ. शेजारी रात्रंदिवस खटखट ऐकून तयार झालेत, तुझ्या बँडला कोण बोलणार? उलट माग बंद पडले की त्यांची झोप मोडते, माझ्या आत्याची मोडते.

मिक्सरमागचा काका

वीस वर्षं साउंड करतो, थोडं ऐका.

शेडची कल्पना चांगली आहे, पण तिथं वीज थ्री फेज, म्हणजे तीन वेगळ्या लाइनींची असते. सगळे अँप, मिक्सर, पेडल एकाच फेजवर घ्या आणि अर्थिंग आधी तपासून घ्या. वेगवेगळ्या फेजवर लावलंत आणि अर्थिंग कच्चं निघालं, तर गाणाऱ्याचा ओठ माइकला लागला की झटका बसतो. मी बसलेला पाहिलाय. पोरगा दुसरं कडवं विसरला.

ड्रमसेट सगळ्यांना मिळून एकच. प्रत्येकानं स्वतःचा स्नेअर, झांजा आणि किक पेडल आणायचं. अर्धा तास वाजवणं, पंधरा मिनिटं बदलाबदल. चार बँड तीन तासांत आटोपतात. सहाला सुरू करा म्हणजे नऊला संपेल. रात्री दहानंतर स्पीकर बंद ठेवावाच लागतो, तोवर आवरूनही होईल.

पत्र्याखाली आवाज फार घुमतो. वरून जुन्या चादरी टांगा, सोलापुरात चादरींना काय तोटा. हॉलंडात बारमध्ये कानातली बोळी विकत मिळतात, कारण तिथल्या हॉलवाल्यांनी सरकारशी करार करून १०३ डेसिबलची सरासरी मर्यादा ठरवून घेतलीय. आपल्याकडं निदान ड्रमरनं तरी कापूस घालावा. मला डाव्या कानानं आता बायकोचं अर्धंच ऐकू येतं. सोय आहे, पण तरी.

गाणी फक्त स्वतःची ठेवा. दुसऱ्यांची वाजवलीत की लायसनचं लचांड मागं लागतं.

स्क्रीनवाला

काका, फेजचं डोक्यातच आलं नव्हतं. ताई, पोस्टरचा हिशेब काल रात्रीच मांडला. दोन रंग, जाडा कागद, एकाला अठरा रुपये पडतात. ऐंशी विकले गेले तर खर्च वजा जाता साडेसहा हजार उरतात. साउंडचं त्यातनं द्यायचं नाही, ते मी दुकानातून घालतो. राहिलेले चार बँडना सारखे वाटून. आमच्या बँडचा वाटाही आम्हीच घेणार, उगाच मोठेपणा नको. आणि सगळ्यांना कडक भाकरी, शेंगाचटणी, दही. आईनं तेवढं कबूल केलंय.

बाळीवेस, तुझ्या आत्याला पहिल्या रांगेत बसवतो.

शेड मिळतेय, गाणाऱ्याच्या मामांची. साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी द्यायला तयार आहेत, फक्त कोणत्या आठवड्यात ते सांगत नाहीत, ऑर्डर अडकलीय म्हणतात. मी थांबलो नाही. काल पहिली फ्रेम एक्स्पोज केली, म्हणजे उजेडानं जाळीवर चित्र उतरवलं: काळ्यात मागाचा धोटा, त्यावर लाल झांज. धोट्याचं टोक जाळीत बुजलं होतं, दोनदा धुवावं लागलं. तारखेची जागा कोरी ठेवलीय, ती मागनं वेगळ्या छोट्या फ्रेमनं मारेन.