मदत हवी आहे: रोमानियातली लाकडी चर्च

मंडळी, सप्टेंबरात आईला घेऊन रोमानियाला जातोय. क्लुजहून वर, मारामुरेश भागातल्या बुदेश्तीला मुक्काम करायचा विचार आहे. तिथलं १६४३ चं लाकडी चर्च बघायचंय. १९९९ साली युनेस्कोच्या यादीत गेलेल्या आठांपैकी एक. आत पिंत्या नावाच्या बंडखोराचं कड्यांचं चिलखत आहे म्हणे! पोयेनिले इझेई गावच्या चर्चमधली नरकयातनांची चित्रंही चुकवायची नाहीत.

कोणी जाऊन आलंय का? सिगेत शहरातून बुदेश्तीला बस मिळते, की गाडीच भाड्याने घ्यावी? चर्चला कुलूप असलं तर किल्ली कोणाकडे मागायची? आणि आई पक्की शाकाहारी. 'दे पोस्त' म्हणजे उपवासाचं सांगितलं तर मांस-दूध-अंडी नसलेलं मिळतं, असं वाचलंय. पण खेड्यातल्या घरगुती मुक्कामात ते जमतं का? नाहीतर रोज ममलिगा, म्हणजे मक्याचा सांजाच!