मेकॅनिकल पदविकेनंतर संगणक अभियांत्रिकीत थेट द्वितीय वर्ष : पात्रता आणि कागदपत्रे

कृष्णाकाठ :
माझा धाकटा भाऊ सांगली जिल्ह्यातील एका तंत्रनिकेतनात मेकॅनिकल पदविकेच्या शेवटच्या वर्षाला आहे. पदवीसाठी त्याला संगणक शाखा घ्यायची आहे. शाखा बदलून थेट द्वितीय वर्षाला प्रवेश मिळतो का, आणि त्यासाठी सीईटी द्यावी लागते का? आम्ही इतर मागास प्रवर्गात येतो. मामेबहीण बी.एस्सी. झाली आहे, तिलाही हा मार्ग खुला आहे, असे ऐकले. ते खरे आहे का?

निवृत्त अधिव्याख्याता :
शाखेचे बंधन नाही. अभियांत्रिकीच्या कोणत्याही शाखेची पदविका किमान ४५ टक्के गुणांनी, तर राखीव प्रवर्गासाठी ४० टक्के गुणांनी उत्तीर्ण झालेला विद्यार्थी पात्र ठरतो. सीईटी नसते; गुणवत्ता यादी पदविकेच्या गुणांवर लागते. मात्र पात्रता आणि जागा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मंजूर प्रवेशक्षमतेच्या दहा टक्के जागा थेट द्वितीय वर्षासाठी वाढीव असतात आणि त्यांत प्रथम वर्षाच्या रिक्त राहिलेल्या जागांची भर पडते. संगणक शाखेत, त्यातही पुण्याच्या सीओईपी किंवा सांगलीच्या वालचंदसारख्या ठिकाणी, प्रथम वर्षाला फारशा जागा उरतच नाहीत. त्यामुळे ४५ टक्क्यांचा आकडा पाहून निर्धास्त राहू नये. शेवटच्या दोन सत्रांत गुण वाढवता आले, तर तोच खरा आधार. एखाद्या विषयात केटी (अनुत्तीर्ण राहिलेला विषय) राहिली, तर पदविका उत्तीर्ण धरली जात नाही आणि ते वर्ष हातचे जाते.

कागदपत्रवाला :
माझ्या मते गुणांइतकीच काळजी कागदांची घ्या. जातीचा दाखला घरात असतो म्हणून लोक निश्चिंत राहतात, पण प्रवेशाला जात वैधता प्रमाणपत्र लागते आणि पडताळणी समितीकडे अर्ज केला की ते लगेच हाती पडत नाही. महाविद्यालयाच्या शिफारसपत्रासह अर्ज आत्ताच करा. तहसीलमधून नॉन-क्रीमी लेयर प्रमाणपत्रही (कुटुंब उन्नत गटात मोडत नसल्याचा दाखला) नव्याने काढून घ्या. त्यावरची मुदतीची तारीख चालू शैक्षणिक वर्षाच्या ३१ मार्चपर्यंत येते का, हे खिडकीवरच वाचून घ्या. ही दोन्ही मुदतीत सादर झाली नाहीत, तर उमेदवार खुल्या प्रवर्गात धरला जातो आणि मग पाच टक्क्यांची सवलतही राहत नाही.

शिरोळकर :
बी.एस्सी.बद्दल ऐकलेले खरे आहे, पण त्याला अटी आहेत. बारावीला गणित हवे, पदवीला तेच ४५ किंवा ४० टक्के हवेत, आणि पदविकाधारकांना वाटप झाल्यानंतर उरलेल्या जागांवरच बी.एस्सी.वाल्यांचा विचार होतो. शिवाय प्रथम वर्षाचे अभियांत्रिकी आरेखन आणि यामिकी (मेकॅनिक्स) या दोन विषयांत द्वितीय वर्षाबरोबर उत्तीर्ण व्हावे लागते. तिने बारावीला गणिताऐवजी केवळ जीवशास्त्र घेतले असेल, तर हा मार्ग बंदच आहे.

कृष्णाकाठ :
आभारी आहे. तिच्याकडे गणित होते. भावाने पसंतीक्रम भरताना काय पाहावे?

निवृत्त अधिव्याख्याता :
केंद्रीय प्रवेशाच्या पहिल्या फेरीत पहिलीच पसंती मिळाली, तर ती आपोआप निश्चित होते, पुढच्या फेरीची मुभा राहत नाही. म्हणून खरोखर जायचे आहे तेच महाविद्यालय वर ठेवावे. ‘मिळतेय का बघू’ म्हणून काहीही वर टाकू नये. आणि उन्हाळ्यात त्याला गणिताला बसवा. पदवीच्या गणितात लाप्लास रूपांतरासारखे भाग बारावीच्या मुलांच्या वेगाने पुढे सरकतात, आणि पदविकेची हुशार मुले प्रयोगशाळेत पुढे असूनही तिथेच अडकलेली मी पाहिली आहेत.