जुनी स्प्लेंडर घेतली आहे. देखभाल आणि चालवणे दोन्ही शिकायचे आहे

कुंभीकाठ यांचा प्रश्न

नमस्कार. मी कोल्हापूरच्या फुलेवाडीत राहते आणि गगनबावड्याच्या रस्त्यावर कळे गावाच्या पुढे एका गावातील शाळेत शिकवते. एसटीच्या वेळा शाळेच्या वेळांशी जुळत नाहीत, आणि घरातली गिअर नसलेली स्कूटर त्या रस्त्यावर रोज काढणे तिच्या लहान चाकांमुळे मला सुरक्षित वाटत नाही. म्हणून गेल्या महिन्यात २०१२ सालची स्प्लेंडर प्लस विकत घेतली. आधीचे मालक शाहूपुरीत राहत होते आणि गाडी वर्षभर एका जागी उभी होती. इंजिनातून धूर येत नाही आणि रंगही चांगला आहे.

अडचणी अशा आहेत. सकाळी चोक ओढल्याशिवाय गाडी सुरू होत नाही आणि चोक बंद करताच ती बंद पडते. मागचा ब्रेक लागण्यासाठी पायाने पेडल बरेच खाली दाबावे लागते. कमी वेगात चेनच्या बाजूने खडखड ऐकू येते. स्कूटर मी अनेक वर्षे चालवली आहे, परंतु क्लच आणि गिअर माझ्यासाठी पूर्णपणे नवीन आहेत.

गाडी गॅरेजला द्यायला माझी हरकत नाही. मात्र कोणते काम मला स्वतःला आले पाहिजे, कोणते मेस्त्रींकडेच द्यावे, आणि ऊस वाहतुकीच्या दिवसांत हा रस्ता धरण्यापूर्वी किती तयारी असावी, हे जाणकारांनी सविस्तर सांगावे, ही विनंती.

पाना_पक्कड यांचे उत्तर

नमस्कार ताई. मी उद्यमनगरात बरीच वर्षे दुचाकींचे काम करतो. तुम्ही निवडलेली गाडी शिकण्यासाठी उत्तम आहे. तिचे ९७.२ सीसीचे इंजिन साधे आहे, कार्ब्युरेटर आहे, आणि सुटे भाग जिल्ह्यातल्या कोणत्याही तालुक्याच्या गावी मिळतात.

तुमच्या अडचणींकडे वळण्यापूर्वी एक गोष्ट तपासा, कारण कोल्हापुरात जुनी गाडी घेताना हा प्रश्न सर्वांत आधी विचारावा लागतो. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात शाहूपुरीच्या बऱ्याच भागात पाणी होते. पाण्यात राहिलेली गाडी वरून धुऊन चकचकीत करता येते, पण आतला गाळ निघत नाही. हेडलाइटचे दोन स्क्रू काढून आतल्या पोकळीत बोट फिरवा. मऊ, वाळलेली माती हाताला लागली तर संशय धरा. वायरींच्या जोडण्यांवर हिरवट थर चढला आहे का, सीटखालचे नट आतून गंजले आहेत का, हेही पाहा. मग गाडी मेन स्टँडवर लावून कोणाला तरी मागून दाबायला सांगा, म्हणजे पुढचे चाक उचलले जाईल. ते हाताने फिरवताना खरखर जाणवली तर बेअरिंग गेले आहे, आणि हँडल सावकाश डावीकडून उजवीकडे नेताना मध्यभागी खाचेत अडकल्यासारखे वाटले तर कोनसेट, म्हणजे हँडलच्या दांड्यातले बेअरिंग, बदलावा लागेल. शाहूपुरीतली प्रत्येक गाडी पाण्यात होती असे मुळीच नाही, परंतु हे तपासायला अर्धा तास पुरतो.

चोकचे कारण बहुधा वर्षभर उभ्या राहिलेल्या पेट्रोलमध्ये आहे. पेट्रोल उडून गेल्यावर मागे जो चिकट थर राहतो, तो कार्ब्युरेटरमधल्या (पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या भागातल्या) जेटमध्ये, म्हणजे बारीक छिद्रांत, बसतो. शिवाय आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. ते हवेतली ओल धरते, आणि इतक्या जुन्या गाडीतले रबरी पाइप त्याचा विचार करून बनवलेले नाहीत. टाकी पूर्ण रिकामी करून घ्या, पेट्रोलचा पाइप नवीन टाका, आणि कार्ब्युरेटर उघडून साफ करण्याचे काम मेस्त्रींकडे द्या. त्याच वेळी प्लग, एअर फिल्टर आणि टॅपेट (इंजिनातल्या व्हॉल्व्हची फट) पाहायला सांगा. प्लगचे टोक विटकरी किंवा फिकट तपकिरी असेल तर इंजिन नीट जळते आहे. कोरडी काजळी असेल तर पेट्रोल जास्त जाते आहे, आणि तेलकट काळे असेल तर इंजिन ऑईल वर येते आहे.

मागचा ब्रेक मात्र तुम्ही स्वतः शिका. दोन्ही चाकांना ड्रम ब्रेक आहेत, म्हणजे चाकाच्या मध्यातल्या गोल डब्यात आतून घासून लागणारे. मागच्या चाकापाशी ब्रेक रॉडच्या टोकाला जो नट आहे, तो घट्ट केला की पेडल वर येते. पेडल साधारण दोन-तीन सेंटीमीटर सैल दबून मग ब्रेक धरला पाहिजे. नट फिरवल्यावर मेन स्टँडवर चाक हाताने मोकळे फिरते ना, हे पाहिल्याशिवाय गाडी रस्त्यावर काढू नका, कारण घासत राहिलेला ड्रम तापतो आणि नेमका गरजेच्या वेळी ब्रेक कमी लागतो. ब्रेकच्या आर्मवर एक बाण असतो. पूर्ण ब्रेक दाबल्यावर तो ड्रमच्या झाकणावरील खुणेपर्यंत पोहोचत असेल तर नट फिरवून उपयोग नाही, लायनर, म्हणजे आतले घासणारे पट्टे, बदलायचे.

इंजिन ऑईल १०डब्ल्यू-३० प्रतीचे आणि मोटारसायकलचेच घाला. या गाडीचा क्लच त्याच तेलात बुडालेला असतो, आणि कारच्या तेलातील घर्षण कमी करणाऱ्या द्रव्यांमुळे तो घसरू लागतो. पातळी पाहताना गाडी सपाट जागी मेन स्टँडवर असावी, इंजिन दोन-तीन मिनिटे चालवून बंद करावे, थोडे थांबावे, तेल मोजायची पट्टी पुसून नुसती आत टेकवावी. आटे फिरवून बसवू नये, नाहीतर पातळी आहे त्यापेक्षा जास्त दिसते. जुन्या गाडीत तेल दर अडीच-तीन हजार किलोमीटरला बदललेले बरे.

चेनबद्दल आधी मोजमाप कळवा. चेन कव्हरच्या खालच्या बाजूला रबरी बूच आहे. ते काढून बोटाने चेन वर-खाली करा, चाक थोडे थोडे फिरवत वेगवेगळ्या जागी पाहा, आणि प्रत्येक ठिकाणी किती हलते ते लिहून घ्या.

गगनबावडा_मार्गे यांचे उत्तर

वरील उत्तर फार मोलाचे आहे. मी चालवण्यापुरते लिहितो, कारण हा रस्ता माझा नेहमीचा आहे आणि स्कूटरवरून मोटारसायकलवर येणाऱ्यांची मला खरोखर काळजी वाटते.

स्कूटरवर तुमच्या डाव्या हाताला मागच्या ब्रेकची सवय झालेली आहे. मोटारसायकलवर त्याच जागी क्लच आहे. समोर अचानक कुत्रे आले तर डावा हात आपोआप आवळला जाईल, इंजिन चाकापासून सुटेल, आणि गाडी थांबण्याऐवजी मोकळी पुढे जाईल. ही सवय विचाराने मोडत नाही, हातापायांना नवे वळण लावावे लागते. त्यासाठी रविवारी पहाटे एखादे रिकामे मैदान गाठा. दुसऱ्या गिअरमध्ये ताशी २०-२५ च्या वेगाने या, हँडल सरळ ठेवा, उजव्या पायाने मागचा ब्रेक हलका दाबा आणि लगेच उजव्या हाताने पुढचा ब्रेक हळूहळू आवळत न्या. क्लच अगदी थांबण्याच्या क्षणी. लिंबू पिळावे तसा पुढचा ब्रेक दाबायचा, झटका द्यायचा नाही. पुढच्या ब्रेकला बरेच नवशिके घाबरतात, परंतु थांबताना वजन पुढच्या चाकावर येते आणि गाडी थांबवण्याचे मुख्य काम तोच करतो. हे न आठवता होऊ लागेपर्यंत फुलेवाडीचा नाका ओलांडू नका, असे माझे स्पष्ट मत आहे.

या गाडीत चारही गिअर पुढचा खटका खाली दाबून पडतात आणि उतरवताना टाचेने मागचा खटका दाबतात. दुसऱ्या कोणाच्या गाडीवर सराव करणार असाल तर तिची रचना आधी विचारा, कारण अनेक गाड्यांत पहिला खाली आणि बाकीचे वर असतात.

आता ऊस. हंगाम साधारण नोव्हेंबरला सुरू होतो, आणि कुडित्रे व असळज या दोन्ही बाजूंच्या कारखान्यांची वाहने याच रस्त्यावर असतात. एका ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या असतात. पुढे काढताना आपण पहिली ट्रॉली संपत आली असे समजतो आणि तेवढ्यात दुसरी सुरू होते. मागची ट्रॉली खड्ड्यात डोलते, कडेला ऊस बाहेर आलेला असतो, आणि संध्याकाळी तिच्या मागे दिवा असेलच याची खात्री नसते. पुढचा रस्ता लांबवर मोकळा दिसत नसेल तर मागेच राहा, तेही इतक्या अंतरावर की चालकाच्या आरशात तुम्ही दिसाल. रस्त्यावर पडलेला, चाकांखाली चिरडलेला ऊस ओला आणि निसरडा असतो. त्यावरून जावेच लागले तर ब्रेक न लावता, गाडी सरळ ठेवून जा.

पावसाळ्यात शेतातून बाहेर पडणाऱ्या ट्रॅक्टरच्या चाकांचा चिखल वळणावरच पडलेला असतो, तेव्हा वेग वळणाच्या आधी कमी करावा, वळणात नव्हे. ड्रममध्ये पाणी गेले की ब्रेक काही क्षण लागतच नाहीत. पाण्यातून बाहेर आल्यावर दोन्ही ब्रेक हलके दाबून थोडे अंतर चालवा म्हणजे ते वाळतात. मांडुकलीजवळ रस्त्यावर कुंभी नदीचे पाणी आले की मात्र त्यात गाडी घालू नका, पुढे गेलेला माणूस पार झालेला दिसला तरीही.

ओढणी बांधून जॅकेटच्या आत घ्या आणि हेल्मेट आयएसआय चिन्हाचे, पट्टा लावूनच वापरा.

दसरा_चौक यांचे उत्तर

कागदपत्रांविषयी कोणी लिहिले नाही म्हणून थोडक्यात लिहितो. तुमचा परवाना केवळ गिअर नसलेल्या दुचाकीचा असेल तर तो या गाडीला चालत नाही. नव्या वर्गासाठी आधी शिकाऊ परवाना काढावा लागतो, आणि ३० दिवसांनंतर, सहा महिन्यांच्या आत पक्क्या परवान्याची चाचणी देता येते. गाडी नावावर करण्यासाठी नमुना २९ आणि ३० वर आधीच्या मालकांच्या सह्या घेऊन ३० दिवसांच्या आत अर्ज करा. विमाही १४ दिवसांत स्वतःच्या नावावर करून घ्यायचा असतो, तो आधी पाहा. गाडीवर पूर्वी कर्ज असेल तर ते फिटल्याची नोंद झाली आहे का, हे परिवहन खात्याच्या संकेतस्थळावर गाडीचा क्रमांक घालून पाहता येते. १ एप्रिल २०१९ पूर्वीची गाडी असल्यामुळे नवी उच्च सुरक्षा नंबर पाटी बसवणे बंधनकारक आहे. नोंदणी १५ वर्षांची असते, म्हणजे तुमच्या गाडीची २०२७ मध्ये संपेल आणि तपासणीनंतर पुढे पाच वर्षांसाठी वाढवून मिळेल.

कुंभीकाठ

सर्वांचे मनापासून आभार. हेडलाइटच्या आत माती नाही, हँडलही कोठे अडकत नाही. मागच्या ब्रेकचा नट फिरवून घेतला, बाण खुणेपासून अजून बराच दूर आहे. शिकाऊ परवान्याचा अर्ज या आठवड्यात करत आहे. चेन मात्र एका जागी जेमतेम दीड सेंटीमीटर हलते आणि चाक अर्धे फिरवल्यावर चार सेंटीमीटरच्या वर. यातले कोणते माप धरून ती आवळायची?

पाना_पक्कड

ताई, गाडी पाण्यात नव्हती हे फार चांगले झाले. चेन आवळू नका. साधारण अडीच सेंटीमीटर ढील असावी लागते आणि ती नेहमी चेन सर्वांत घट्ट असते त्या जागी मोजतात. तुमची चेन त्या जागी आधीच घट्ट आहे, म्हणजे ती सगळीकडे सारखी ताणलेली नाही, आणि सैल जागा पाहून आवळली तर घट्ट जागी गिअरबॉक्सच्या बेअरिंगवर ताण येईल. चेन आणि दोन्ही स्प्रॉकेट (चेनची दातेरी चाके) एकत्रच बदला. जुन्या स्प्रॉकेटचे झिजलेले दात नवी चेन लवकर खातात. त्या कामात मागचे चाक निघेलच, तेव्हा हबमधील (चाकाच्या मधल्या भागातील) रबर आणि ब्रेकचे लायनर डोळ्यांनी पाहून घ्या, आणि चाक परत बसवताना स्विंग आर्मच्या (मागचे चाक धरणाऱ्या दांड्यांच्या) दोन्ही बाजूंच्या खुणा सारख्या आहेत ना हे मेस्त्रींसोबत उभे राहून तपासा. तोपर्यंत घट्ट जागी अडीच सेंटीमीटर ढील येईल इतकी चेन सैल करून घ्या आणि गाडी फक्त मैदानावरच्या सरावापुरती, कमी वेगात वापरा.